नेमाचं गिऱ्हाईक: जवळच्या शेतकऱ्याकडून खरेदी कशी सुरू करावी

कोथिंबिरीची जुडी हातात घेतली की पानांकडे नंतर बघा, आधी मुळांकडे बघा. मुळं पांढरी असतील, त्यांना ओलसर माती चिकटलेली असेल आणि जुडीच्या मधोमध बोट घातल्यावर गार लागत असेल, तर ती काल संध्याकाळी किंवा आज पहाटे उपटलेली आहे. मुळं वाळून तपकिरी झालेली, वरची पानं पाणी मारून टवटवीत केलेली, पण आतली पिवळट आणि चिकट, अशी जुडी दोन दिवस तरी फिरून आलेली असते. ही पारख मला आठवडे बाजारातल्या एका मावशींनी शिकवली. माझ्या हातातली जुडी काढून घेतली, उलटी धरली आणि म्हणाल्या, "पानं समद्यांचीच हिरवी दिसत्यात. बुडखा बघा."

मी पुण्यात राहते. गेली आठ वर्षं आमच्या सोसायटीतली बावीस घरं मिळून भाजी, तांदूळ, ज्वारी, गूळ, तेल असं बरंच काही जवळपासच्या शेतकऱ्यांकडून थेट घेतो. नव्याने सुरुवात करणारे बरेच जण विचारत असतात, म्हणून हे सगळं एका जागी लिहिते आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण तीच मला नीट माहीत आहेत. तुम्ही नाशिकला असा, कोल्हापूरला असा की ठाण्याला, गावं आणि वाणं बदलतील, पद्धत फारशी बदलणार नाही.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. भाव चांगला मिळाला तर शेतकऱ्याला आनंद होतोच, पण त्याला त्याहून जास्त गरज असते ती पुढच्या आठवड्यातही येणाऱ्या गिऱ्हाइकाची. वर्षातून एकदा हौसेने दोन हजारांची खरेदी करणाऱ्यापेक्षा दर शनिवारी दीडशे रुपयांची भाजी नेणारं घर त्याच्या जास्त कामाचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

आधी भाजीचा रस्ता समजून घ्या

शेतात दुपारनंतर तोडणी होते, रात्री माल टेम्पोत चढतो, पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरतो. तिथे आडत्यामार्फत, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालामार्फत, त्याची विक्री होते. पालेभाजीचा भाव शेकड्यावर निघतो, म्हणजे शंभर जुड्यांचा. मग मोठा खरेदीदार, मग किरकोळ विक्रेता, मग आपण. वाटेत हमाली, तोलाई, गाडीभाडं, नासाडी आणि ज्याचा त्याचा नफा चढत जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो, त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. कांद्यात ३६, बटाट्यात ३७. भाव पडला की टोमॅटोचे क्रेट रस्त्याकडेला ओतून दिलेले आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिले आहेत. त्या दिवशी त्या माणसाला तोडणीची मजुरीसुद्धा सुटलेली नसते.

२०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तेव्हापासून शेतकरी आपली भाजी बाजार आवाराच्या बाहेर कुणालाही थेट विकू शकतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "हे चालतं का?" असा प्रश्न हमखास निघतो, तेव्हा हे सांगायला उपयोगी पडेल.

आणि एक विनंती आहे. आडत्याला खलनायक ठरवू नका. बियाण्याला, आजारपणाला, लग्नकार्याला उचल अनेकदा तोच देतो आणि एकाच दिवशी दोन टेम्पो माल आला तरी तोच तो खपवतो. बावीस घरं मिळूनही एका शेताचा सगळा माल आपल्याच्याने संपत नाही. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी लावणाऱ्या मावशींना तर मुळीच सोडू नका. त्या पहाटे तीनला उठून मार्केट यार्ड गाठतात, दिवसभर उन्हात उभ्या राहतात, आणि त्यांचं घर आपल्यापासून एक किलोमीटरवर असतं. मी कांदे, बटाटे, आलं, लिंबं अजूनही त्यांच्याकडूनच घेते. थेट खरेदी वाढवायची ती मॉलच्या आणि मोबाइलवरून मागवायच्या खरेदीतून काढून. मावशींच्या गल्ल्यातून नको.

पहिला महिना: दोनच वस्तू

फ्रिजवर एक कागद लावा आणि महिनाभर घरात काय आलं, काय संपलं, काय वाया गेलं ते लिहीत जा. चार माणसांच्या घरात आठवड्याला तीन-चार जुड्या पालेभाजी, दोन-अडीच किलो फळभाजी एवढीच लागते हे कळल्यावर पुष्कळांना आश्चर्य वाटतं. हा कागद नसेल तर बाजारात गेल्यावर हात सैल सुटतो, आणि बुधवारी कुजलेला पालक टाकून देताना थेट खरेदीचा उत्साहही मावळतो.

मग दोन वस्तू निवडा. माझं मत विचाराल तर पालेभाजी आणि तांदूळ. पालेभाजीला प्रवास सोसत नाही, त्यामुळे जवळून घेतल्याचा फरक पहिल्याच जेवणात कळतो. तांदूळ वर्षातून एकदाच घ्यायचा असतो, टिकतो, आणि पुण्याच्या आसपास मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या भाताच्या पट्ट्यात तो मुबलक पिकतो. या दोन्हींचं बस्तान बसलं की बाकीच्या वस्तू आपोआप मागून येतात. पहिल्याच महिन्यात दूध, अंडी, तेल, मध, मसाले असं सगळं बदलायला निघालेली घरं मी पाहिली आहेत. तिसऱ्या महिन्यात ती पुन्हा सुपरमार्केटात दिसतात.

शेतकरी भेटणार कुठे

सगळ्यात सोपी जागा शेतकरी आठवडे बाजार. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने हे बाजार सुरू केले. तुमच्या भागात तो कोणत्या वारी भरतो ते विचारा आणि पहिल्या तासात जा. पणन मंडळाचा आंबा महोत्सवही असतो, तिथे कोकणातले बागायतदार स्वतः पेट्या घेऊन बसतात. डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, तिथे बचत गटांच्या बायका कडधान्यं, मसाले, पापड, चटण्या घेऊन येतात. अशा प्रदर्शनात पिशव्या भरण्याआधी वहीत गाव, पीक आणि फोन नंबर लिहून घ्या. जत्रा चार दिवसांत उठते, नंबर वर्षभर उपयोगी पडतो.

दुसरी जागा आपल्या इतक्या जवळ असते की लक्षातच येत नाही. आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई, वॉचमन, रिक्षावाले काका, ऑफिसातले शिपाई, यांच्यातल्या निम्म्यांच्या गावी शेती असते. आमच्याकडच्या ताईंचं माहेर भोर तालुक्यात. पहिल्या वर्षी त्यांच्या भावाने एक पोतं इंद्रायणी आणून दिला. आता दिवाळीनंतर दहा क्विंटल येतो. त्यांना गावात तांदूळ व्यापाऱ्याला घालण्यापेक्षा जास्त मिळतात, आम्हाला दुकानापेक्षा कमी पडतो, आणि ताई दोन्हीकडच्या जामीनदार असतात.

तिसरी जागा म्हणजे जिथे माल तयार होतो ती. गुऱ्हाळ, लाकडी घाणा, भात गिरणी, शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीचं गोदाम. सुट्टीच्या दिवशी बाहेरगावी जाताना रस्त्यात दिसलं तर थांबा, चहा घ्या, काम चालू असताना बघा.

समोरचा शेतकरीच आहे ना?

"शेतकरी ते थेट ग्राहक" ही पाटी कुणीही लावू शकतं. एकाच टेबलावर फ्लॉवर, ढोबळी मिरची, मटार, भेंडी, पडवळ, गाजर, मशरूम सगळं बारा महिने मांडलेलं असेल तर तो माल यार्डातून आलेला आहे. एका शेतकऱ्याकडे एका वेळी चार-सहा पिकं असतात. गटाचा स्टॉल असेल तर जास्त दिसतील, पण मग कुठली भाजी कुणाच्या शेतातली हे तिथल्या माणसाला सांगता येतं.

चौकशी पोलिसी थाटात करू नका. गप्पांतून सगळं कळतं. "आता रानात काय आहे? यानंतर काय लावणार?" एवढं विचारलं की शेतकरी भरभरून बोलतो, व्यापारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पाणी कुठलं हे आवर्जून विचारा: विहिरीचं, कॅनॉलचं की नदीचं. शहराच्या खालच्या अंगाला नदीच्या सांडपाण्यावर पिकलेली पालेभाजी दिसायला फार तजेलदार असते, ती मी घेत नाही, कितीही जवळची असली तरी.

फवारणीचंही विचारा. शेवटची कधी केली आणि तोडणी त्यानंतर किती दिवसांनी केली? औषधाच्या डब्यावर हे अंतर छापलेलं असतं आणि बहुतेक शेतकऱ्यांना ते माहीत असतं. इथे नवीन माणसाची एक गफलत होते. जवळचं म्हणजे सेंद्रिय असं तो धरून चालतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "विषमुक्त", "नैसर्गिक", "गावरान" हे शब्द कुणीही वापरतो. दुकानात सेंद्रिय म्हणून पाकीट घेत असाल तर त्यावर जैविक भारतचं चिन्ह आणि प्रमाणपत्राचा उल्लेख बघा. छोट्या शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासून प्रमाणित करतात, अशी सहभागी हमी पद्धतही आहे, पीजीएस इंडिया नावाची. पण ज्याचं शेत तुम्ही जाऊन पाहिलं आहे आणि जो तोंडावर सांगतो की "ताई, टोमॅटोला दोन फवारे मारावेच लागले", त्याच्याकडून मी निर्धास्त घेते. खरं सांगणारा माणूस सापडणं हेच मोठं काम आहे.

हंगाम पाठ करा

पर्यावरणासाठी जवळचं घ्या असं सगळे सांगतात, आणि मीही सांगते, पण त्यातलं गणित नीट समजून घ्यायला हवं. अन्नामुळे होणाऱ्या प्रदूषणात वाहतुकीचा वाटा बहुतेक पदार्थांत लहान असतो. मोठा वाटा शेतात, खतात, गोठ्यात आणि वाया गेलेल्या मालात असतो. म्हणजे शेजारच्या तालुक्यातली, पण अवेळी, भरमसाट औषधं मारून आणि थंड खोलीत ठेवून आणलेली भाजी घेऊन काही फार पुण्य लागत नाही. जवळचं आणि वेळेचं, दोन्ही जुळलं तर फरक पडतो. पाणी कमी लागतं, औषध कमी लागतं, शीतगृह लागत नाही, आणि ताजं असल्यामुळे घरात वायाही कमी जातं.

आषाढाच्या आधी, पहिल्या पावसात, शेवळं येतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कर्टोली. पनवेल, कर्जत, पेण, कल्याणच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बायका या रानभाज्या वाट्यांवर मांडतात. हे पीक कुणी पेरत नाही, त्याला खत-पाणी लागत नाही, आणि त्याचा सगळा पैसा त्या बाईच्या हातात जातो. पहिल्यांदा घेताना कशी करायची हे तिलाच विचारा. शेवळं नीट साफ केली नाहीत आणि काकडं (एक आंबट रानफळ) किंवा चिंच घातली नाही तर घसा खाजतो. ओळख नसलेली रानभाजी कुणाच्या सांगण्यावरून स्वतः खुडून आणू नका.

भर पावसात मेथी-कोथिंबीर महाग आणि चिखलाळलेली असते. तेव्हा दोडका, घोसाळं, पडवळ, भोपळा खायचा. पुरंदरचा मटार पावसाळ्यात येतो, तिथली सीताफळंही त्याच सुमाराला. दिवाळीनंतर पालेभाज्यांचे दिवस. थंडीत पावटा, वाल, ओला हरभरा, गाजर, हुरडा. फेब्रुवारीपासून अलिबागचा पांढरा कांदा माळा गुंफून रस्त्याकडेला टांगलेला दिसतो. मार्चपासून हळद, मिरची, गहू, ज्वारी. मग आंबा. आंब्याला घाई करू नका. सुरुवातीच्या महाग पेट्यांपेक्षा एप्रिलच्या मध्यानंतर कच्ची पेटी घ्यावी आणि घरी गवतात अढी घालावी. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी ते होतं. कच्चा घेतला की तो प्रश्नच उरत नाही.

हंगाम पाळायचा म्हणजे काही गोष्टींवाचून राहायचं. जुलैत फ्लॉवर नाही, ऑक्टोबरात आंबा नाही. मुलं पहिले दोन महिने कुरकुरतात, मग शेवळांची वाट बघायला लागतात. आमच्या घरी तरी असंच झालं.

वर्षाचं साठवण

आपल्या आज्या मार्च ते मे या काळात वर्षाचं धान्य भरत. ती पद्धत शेतकऱ्याच्या फार सोयीची होती. मळणी झाली की एकरकमी पैसा हाती, आणि तोच काळ त्याची देणी भागवायचा. आज फ्लॅटमध्ये वर्षाचं जमत नसेल तर सहा महिन्यांचं घ्या, पण मळणीच्या वेळी घ्या.

तांदळात आमच्याकडे इंद्रायणी, जो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला. नवा इंद्रायणी गिचका होतो, मऊ भाताची आवड असेल तर छान, नाहीतर चार-सहा महिने जुना होऊ द्या. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचं उत्पन्न कमी निघतं, त्यामुळे त्या नावाखाली दुसराच बारीक, सुवासिक तांदूळ सर्रास विकला जातो. आंबेमोहोर घ्यायचा तर ज्याचं खाचर माहीत आहे त्याच्याकडूनच. ज्वारीत मंगळवेढ्याची मालदांडी. भाकरी गोड लागते, आणि उरलेला कडबा तिथल्या जनावरांना जातो. आपण ज्वारी खाल्ली नाही तर ती पेरली जाणार नाही, आणि कमी पाण्याच्या त्या जमिनीत दुसरं फारसं काही येतही नाही. गव्हात लोकवन नेहमीचा, खपली महाग पण पुरणपोळीला आणि खिरीला फार सुंदर.

ज्वारी, गहू आल्यावर दोन दिवस कडक ऊन द्या. इथे सगळ्यांची चूक होते ती सांगते: ऊन दिलेलं धान्य गरम असतानाच डब्यात भरतात. आत वाफ धरते आणि महिन्यात पोरकिडे होतात. संध्याकाळी पसरून ठेवा, रात्रभर पूर्ण गार होऊ द्या, सकाळी भरा. वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांत घाला, पण पाला खडखडीत वाळलेला हवा. तूर डाळीला तळहातावर एरंडेल घेऊन हलकं चोळतात, पाच किलोला दोन चमचे पुरतं. डबा भरल्यावर चिठ्ठी लावा: गाव, तारीख, किलो. पावसाळा लागण्याआधी एकदा उघडून हात घालून बघा. धान्य गरम लागलं तर आत काहीतरी चाललं आहे.

गूळ गुऱ्हाळावरून घ्या, थंडीत. पिवळाधमक गूळ देखणा दिसतो, पण तो रंग बहुधा हायड्रॉस नावाचं रंग उजळवणारं रसायन घालून आणलेला असतो. रानभेंडीच्या रसाने मळी काढून केलेला गूळ गडद, थोडा मऊ, आणि पावसाळ्यात पाझरणारा असतो, म्हणून लहान डब्यांत भरा. घाण्याच्या शेंगदाणा तेलासाठी एक साधा हिशेब: साधारण अडीच किलो शेंगदाण्यांतून एक किलो तेल निघतं. अडीच किलो शेंगदाण्यांच्या किमतीपेक्षा तेल बरंच स्वस्त मिळत असेल तर दोनदा विचार करा. पाकीटबंद वस्तूवर चौदा आकडी अन्नसुरक्षा क्रमांक असतो, बचत गटाचं पाकीट असलं तरी तो बघायची सवय ठेवा.

भाव, पैसे आणि शब्द

हा भाग मी चूक करून शिकले. आमच्या पहिल्याच वर्षी गौरी-गणपतीत शुक्रवारी रात्री दहानंतर निम्म्या घरांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "या वेळी नको, गावी चाललोय." मी ते शेतकऱ्याला कळवलं सकाळी सहाला. त्याने आदल्या संध्याकाळी बायको आणि आईला घेऊन नव्वद जुड्या उपटून, धुऊन, ओल्या गोणपाटात बांधून ठेवल्या होत्या. तो तरीही आला. चाळीस जुड्या उरल्या. "असू द्या ताई," एवढंच म्हणाला, गोणपाट पुन्हा गुंडाळलं आणि गेला. पुढचे दोन शनिवार आला नाही. फोनही उचलला नाही. मी बसने त्याच्या गावी गेले, चाळीस जुड्यांचे पैसे दिले, माफी मागितली. त्याने पैसे घेतले, ते मला बरं वाटलं. न घेता परत पाठवलं असतं तर संबंध तिथेच संपला होता.

तेव्हापासून आमचा नियम आहे. मागणी गुरुवारी रात्री आठला बंद. त्यानंतर जे सांगितलं आहे त्याचे पैसे द्यायचे, माल घ्या किंवा शेजाऱ्याला द्या. प्रत्येक घर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम आगाऊ भरतं, आणि शेतकऱ्याला पैसे माल येतो त्याच दिवशी, गाडीतून तो उतरायच्या आत जातात. उधारी अजिबात नाही. त्याला आडत्याकडे पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे, त्या दिवशी मिळत असेल आणि आपल्याकडे आठ दिवसांनी, तर तो आपल्याकडे का यावा?

भाव आम्ही वर्षाचा ठरवतो. मेथीची जुडी बाजारात कधी पाच रुपये असते, कधी चाळीस. आम्ही वीस धरले. बाजारात पाच असताना आमच्यातल्या कुणाला तरी वाटतंच की फसलो, आणि चाळीस असताना त्याच्या घरात कुणीतरी म्हणतं की यार्डात घाला. दोन्हीकडून हा मोह सांभाळावा लागतो, म्हणून ठरवतानाच समोरासमोर बसून त्याचा उत्पादनखर्च विचारा: बियाणं, मजुरी, गाडीभाडं. आकडे कागदावर आले की घासाघीस करायची इच्छाच होत नाही. आणि तोंडी ठरलं तरी शब्द पाळा.

पाच घरं जमवा

एकट्या घरासाठी शेतकरी दारात येणं त्याला परवडत नाही. पाच ते आठ घरं पुरेशी आहेत, एकदम पन्नास नकोत. या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते: जवळपासची कुटुंबं संघ करतात, मिळून मागणी नोंदवतात, सामान एका घरी उतरतं आणि सदस्य स्वतः वाटून घेतात. वाटपाला नोकर-चाकर नसतात, पाळीपाळीने सगळे राबतात.

आम्हीही पाळी लावली आहे. ज्या घराची पाळी, त्याने मागणी गोळा करायची, पार्किंगमध्ये सतरंजी टाकायची, वजनकाटा आणायचा आणि हिशेब वहीत लिहायचा. वही कागदाची, कारण ती शेतकऱ्यालाही वाचता येते. पिशव्या कापडी, ज्याच्या त्याच्या नावाच्या. शेतकऱ्याचे क्रेट धुऊन त्याच दिवशी परत. एक-दोन जुड्या जास्त निघतात त्या वॉचमनकाकांच्या घरी जातात. सगळं मिळून दीड तासाचं काम आहे. यात आणखी काय घडतं ते लिहायला हवं: तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांच्याशी कुणी बोलत नसे, आता दर शनिवारी खाली येऊन मुलींना पालेभाजी निवडायला शिकवतात.

दूध आणि मासळीचं थोडक्यात. गवळ्याचं दूध घेत असाल तर ते उकळल्याशिवाय पिऊ नका, कितीही ताजं असो. मासळीत १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. माशांचा तो विणीचा काळ. त्या दोन महिन्यांत सुकट, सुके बोंबील, जवळा घ्या आणि बाकीचं वर्ष एकाच कोळीण मावशीकडे जा. ती दुसऱ्या महिन्यापासून तुम्हाला बाजूला काढून ठेवलेला वाटा देते.

शेतावर जा

सहा महिने झाले की शेतावर जा, सगळी घरं मिळून. जूनच्या सुरुवातीला, पेरणीआधी गेलात तर उत्तम, कारण काय लावायचं हे तेव्हा ठरत असतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने विचारलं, "गवार खाता का तुम्ही लोक? दरवर्षी लावू की नको करतो." बावीसपैकी सतरा घरांनी हात वर केला, आणि त्याने बांधाकडेच्या चार ओळी गवारीच्या धरल्या. बीटरूट नको असं आम्ही सांगितलं, तेवढी जागा मेथीला मोकळी झाली.

जाताना जेवण घरून न्या, त्यांच्यावर वीस माणसांचा स्वयंपाक टाकू नका. मुलांना चपला नाही, बूट घाला. वाफ्यातून चालू नका, बांधावरून चाला. विहीर बघा, खताचा खड्डा बघा, औषधाचे डबे कुठे ठेवलेत ते बघा. घरातल्या बाईशी वेगळं बसून बोला, कारण तोडणी, धुणं, जुड्या बांधणं बहुधा तिच्याच अंगावर असतं आणि शनिवारी किती वाजता निघणं तिला झेपतं हे तीच सांगू शकते. आमची वेळ सातवरून साडेआठ झाली ती त्या दिवशी. तोवर ती रात्री दोनला उठत होती.